शिक्षक बदलला तरी शाळा टिकावी
पुण्यातील महापालिका शाळांच्या अध्यापनाचा आढावा

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणाचा कारभार पुण्यातून चालतो. पाठ्यपुस्तके सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीत तयार होतात, शिक्षक प्रशिक्षणाचे आराखडे कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत आखले जातात, शिक्षण आयुक्तालय आणि राज्य परीक्षा परिषदही याच शहरात आहेत. त्याच शहरात पुणे महापालिकेच्या अडीचशेहून अधिक प्राथमिक शाळा मराठी, उर्दू, इंग्रजी आणि कन्नड माध्यमांत भरतात. घरकाम करणाऱ्या बायका, बांधकाम मजूर, रिक्षाचालक, पथारीवाले, सफाई कामगार यांची मुले तिथे शिकतात. त्यातील अनेक जण घरात पहिल्यांदाच पाटी-पुस्तक हातात घेणारे असतात.

या शाळांवर बोलायचे झाले की चर्चा इमारत, गणवेश, स्वच्छतागृहे, ई-लर्निंगचे संच आणि निविदा यांवरच संपते. हे प्रश्न खरे आहेत. पण वर्गाचे दार लागल्यावर आत काय घडते, याची चर्चा क्वचित होते. महापालिकेच्या शाळांत उत्तम शिकवणारे शिक्षक आहेत, हे या शाळांशी संबंध आलेला कोणीही सांगेल. अडचण अशी की त्यांचे शिकवणे त्यांच्यापाशीच राहते. शेजारच्या वर्गात ते पोचत नाही आणि बदली झाली की शाळेतून जाते. म्हणून एखाद्या शाळेत अध्यापनाची संस्कृती रुजली आहे का, हे पाहण्याची माझी कसोटी एकच आहे: चांगला शिक्षक गेल्यावर मागे काय उरते?

पुण्याचा वारसा

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या शाळांमागची अध्यापनाची तयारी मात्र फारशी सांगितली जात नाही. सावित्रीबाईंनी नगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिकवण्यासाठी आधी शिकावे लागते, ही जाणीव त्या प्रयत्नाच्या पायाशी होती. फुल्यांच्या शाळांतील मुलींच्या परीक्षाही जाहीरपणे, लोकांसमोर होत. मुली काय शिकल्या, ते शहराला दिसत असे.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण वयाच्या किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी प्रसिद्ध आहे. त्याच निवेदनात शिक्षकांविषयीही नेमक्या सूचना आहेत. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी समाजातून यावेत म्हणजे ते लोकांत मिसळतील, आणि त्यांचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, असे त्यांनी सुचवले. प्रशिक्षण, मुलांच्या जगाशी जवळीक आणि सन्मानाने जगता येईल असे वेतन या तीन गोष्टी त्यांनी एकत्र मांडल्या होत्या.

याच काळात पुण्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे प्राचार्य होते. १८६१ मध्ये सुरू झालेले ‘मराठी शालापत्रक’ हे शिक्षकांसाठीचे मासिक कृष्णशास्त्री आणि नंतर विष्णुशास्त्री यांनी चालवले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात शिक्षकांना घडवणारी संस्था आणि त्यांचे व्यावसायिक नियतकालिक, दोन्ही होते.

पुढच्या शतकाचा भर शाळेच्या प्रसारावर राहिला. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना तशी सक्ती करण्याची मुभा मिळाली. शेवटी २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मूल शाळेत आणण्याची लढाई या शहराने बऱ्याच अंशी जिंकली आहे. वर्गात आलेले मूल खरोखर शिकेल, ही लढाई अजून बाकी आहे.

शहरातील प्रयोग

गेल्या दोन दशकांत महापालिकेच्या शाळांत बरेच काही करून पाहिले गेले. शिवदर्शन भागातील राजीव गांधी ई-लर्निंग शाळेने महापालिकेच्या शाळेकडे मध्यमवर्गीय पालकही वळू शकतात, हे दाखवून दिले. विद्यानिकेतन आणि क्रीडानिकेतन या नावांनी काही शाळांना वेगळी ओळख देण्यात आली. २००७ पासून ‘आकांक्षा’ संस्थेने महापालिकेच्या इमारतींत, भागीदारीने इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवायला घेतल्या. २००९ मध्ये ‘टीच फॉर इंडिया’ने मुंबई आणि पुणे या दोन शहरांतून सुरुवात केली. तरुण पदवीधर दोन वर्षांसाठी शिक्षक म्हणून वर्गात उभे राहू लागले.

या भागीदारीच्या शाळांत मुख्याध्यापकाचे मुख्य काम वर्गात बसणे आणि शिक्षकाशी शिकवण्याबद्दल बोलणे हे मानले जाते. शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात. मुलांच्या चुका पाहून पुढच्या आठवड्याचे नियोजन बदलतात. पालकांशी नियमित बोलणे हा कामाचाच भाग असतो. वस्तीतील मुले शिकत नाहीत, हा समज या शाळांनी खोडून काढला. हे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. दोन वर्षांनी जाणारा शिक्षक शाळेची स्मृती बनू शकत नाही. संस्थेने चालवलेल्या शाळेतील चांगल्या पद्धती शेजारच्या, कधी कधी त्याच आवारातील, महापालिकेच्या मराठी किंवा उर्दू शाळेत आपोआप जात नाहीत. एका इमारतीत दोन शाळा भरतात, पण दोन्हींचे शिक्षक एकमेकांच्या वर्गात बसून पाठ पाहतात, असे दृश्य विरळा. भागीदारीच्या प्रत्येक करारात शेजारच्या शाळेसोबत वर्षातून ठरावीक पाठ एकत्र आखण्याची अट घातली, तर ही दरी कमी होईल.

जिल्ह्यातील आणि राज्यातील धडे

ग्रामीण महाराष्ट्राने या बाबतीत शहरांना मागे टाकले आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादी अध्यापनाचे काम उभे केले. तिथे एका शाळेऐवजी संपूर्ण बीट बदलले, कारण शिक्षक एकमेकांच्या वर्गात जात आणि साहित्य एकमेकांना देत. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. पुढे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, तेव्हा कुमठ्याचा अनुभव त्याच्यामागे होता.

मात्र शासन निर्णयातून पसरताना या कामाचा जीव कमी झाला. अनेक ठिकाणी फरशीवर आखलेले तक्ते आणि रंगवलेल्या भिंती तेवढ्या पोचल्या. आखलेल्या फरशीवर बसून मूल काय विचार करते, याची शिक्षकांची आपापसातली चर्चा पोचली नाही. संस्कृती परिपत्रकाने पसरत नाही, हा त्या काळाचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातलेच आहे. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी यांच्या कष्टांतून नावारूपाला आली. नंतर वारे गुरुजी खेड तालुक्यातील जालिंदरनगरला गेले. बंद पडण्याच्या बेतात असलेली ती शाळा काही वर्षांतच उभी राहिली आणि २०२५ च्या जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत तिने लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, एका विषयात पुढे असलेल्याने मागे असलेल्याचा ‘विषयमित्र’ व्हायचे, ही तिथली पद्धत आहे. जिल्हा परिषदेची लहान शाळाही जगाच्या नजरेत भरते, हे त्यातून सिद्ध झाले. पण त्याबरोबर एक अस्वस्थ करणारी गोष्टही दिसते. आपल्या व्यवस्थेत उत्तमता माणसाच्या पाठोपाठ गावे बदलते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हाही सत्कार झाले, हार पडले. त्यांच्या पद्धतीतले काय किती शाळांत टिकले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेली ‘सृजन आनंद’ आणि पुण्यातील ‘अक्षरनंदन’ या शाळा याच कारणासाठी अभ्यासण्यासारख्या आहेत. त्या महापालिकेच्या नाहीत, लहान आहेत. पण शिक्षकांनी एकत्र बसून आपल्याच शिकवण्याची चिकित्सा करण्याची सवय त्यांनी दशकानुदशके जपली आणि पुढच्या पिढीच्या शिक्षकांकडे सोपवली.

वेळ कुठे जातो?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास ठरवले आहेत आणि त्यांत तयारीचे तास धरलेले आहेत. म्हणजे पाठाची तयारी हा शिक्षकाच्या नोकरीचाच वेळ आहे, हे कायद्यालाच मान्य आहे. प्रत्यक्षात हा वेळ पहिल्यांदा खर्ची पडतो. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, असे कलम २७ सांगते. पण निवडणुकीचे नाव घेऊन मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे (बीएलओ) काम वर्षभर चालते. त्याच्या जोडीला सरल आणि यू-डायस या पोर्टलवरच्या नोंदी, आधार जुळवणी, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि दिवसभर येणाऱ्या ‘आजच माहिती भरा’ अशा लिंका असतात. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते आणि त्यावर शाळेतील पदे. त्यामुळे सत्राच्या सुरुवातीचे, मुलांना ओळखून घेण्याचे मोलाचे आठवडे पट जुळवण्यात जातात.

भरतीची कहाणीही याला जोडलेली आहे. राज्यात २००० पासून शिक्षणसेवक योजना आहे. पहिली तीन वर्षे मानधनावर काम करायचे. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन अनेक वर्षे सहा हजार रुपये होते आणि २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. पुण्यासारख्या शहरात त्या पैशांत घरभाडे देऊन जगणे किती कठीण आहे, हे वेगळे सांगायला नको. भरती वर्षानुवर्षे रखडली आणि २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरप्रकार पुणे पोलिसांनी उघडकीस आणले, तेव्हा प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या हजारो तरुणांचा विश्वास डळमळला. जोतीरावांनी प्रशिक्षण आणि पगार एकाच निवेदनात का मांडले, ते इथे कळते.

प्रशिक्षण आणि तपासणी

प्रशिक्षणे कमी नाहीत. २०१९ पासून ‘निष्ठा’ आहे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे, पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी ‘निपुण भारत’ आहे. आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि आयसर पुणे यांनी विज्ञान शिक्षकांसाठी केलेले काम देशाला ठाऊक आहे. ‘पालकनीती’ आणि ‘शैक्षणिक संदर्भ’ सारखी नियतकालिके इथूनच निघतात. इतकी समृद्धी क्वचितच एखाद्या शहराच्या वाट्याला येते.

तरीही प्रशिक्षणातून परतलेला शिक्षक वर्गात एकटा असतो. नवी कृती करून पाहिली, ती फसली, तर ती का फसली हे बोलायला कोणी नसते. डी.एड. करताना प्रत्येकाने सराव पाठ घेतलेले असतात. मागच्या बाकावर सहकारी आणि प्राध्यापक बसलेले असतात, पाठानंतर चर्चा होते. नोकरी लागली की ही पद्धत संपते. त्यानंतर वर्गात येणारी व्यक्ती म्हणजे तपासणीला आलेला अधिकारी. तो टाचणवही, हजेरीपट आणि दप्तर पाहतो. साहजिकच शिक्षकाच्या मनात ‘कोणी वर्गात येणे’ आणि ‘चूक पकडली जाणे’ यांचे समीकरण पक्के होते.

यावरचा उपायही पुण्याच्या ओळखीचा आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळा संकुलाची कल्पना मांडली. जवळच्या शाळांनी एकत्र येऊन शिक्षक, साहित्य आणि अनुभव वाटून घ्यावेत, अशी ती कल्पना होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी पुढे चित्रा नाईक यांच्यासह कोथरूडच्या भारतीय शिक्षण संस्थेत आयुष्याची अखेरची वर्षे काम केले. आजची केंद्र शाळा आणि शिक्षण परिषद ही त्याच विचाराची शासकीय रूपे आहेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सूचना वाचून दाखवण्याऐवजी एक पाठ सर्वांसमोर घेतला गेला आणि त्यावर तासभर मोकळी चर्चा झाली, तर नवी योजना काढण्याची गरजच उरणार नाही.

इतरत्र काय घडले

जपानमध्ये हेच काम शंभराहून अधिक वर्षे चालले आहे. तिथे एका पाठाची तयारी अनेक शिक्षक मिळून करतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांकडे पाहतात आणि नंतर पाठ दुरुस्त करतात. शांघायमध्ये प्रत्येक विषयाच्या शिक्षकांचा अभ्यासगट शाळेच्या वेळापत्रकातच बसवलेला असतो. दिल्लीने २०१६ मध्ये सरकारी शाळांतील निवडक शिक्षकांना मार्गदर्शक शिक्षक म्हणून नेमले. ते इतर शाळांत जाऊन सहकाऱ्यांच्या वर्गात बसत.

पुण्याला सर्वांत जवळचे उदाहरण ब्राझीलमधील सोब्राल या सुमारे दोन लाख वस्तीच्या शहराचे आहे, कारण तिथेही शाळा नगरपालिकेच्या आहेत. २००० च्या सुमारास तिथल्या दुसरीच्या जवळपास निम्म्या मुलांना वाचता येत नव्हते. नगरपालिकेने एकच उद्दिष्ट ठरवले: प्रत्येक मूल दुसरीअखेर वाचेल. मुख्याध्यापकांची निवड राजकीय शिफारशीऐवजी गुणवत्तेवर होऊ लागली. शिक्षकांना दर महिन्याला, पुढच्या महिन्यात शिकवायच्या पाठांवरच प्रशिक्षण मिळू लागले. प्रत्येक मुलाचे वाचन ठरावीक काळाने शाळेबाहेरची माणसे तपासू लागली. देशाच्या शालेय निर्देशांकात २००५ मध्ये १३६६ व्या क्रमांकावर असलेले हे शहर २०१७ मध्ये पहिले आले. महापौर बदलले, पण धोरण टिकले. श्रीमंत नसलेल्या एका शहराने दीड दशक एकच गोष्ट धरून ठेवली, हे त्या यशाचे मर्म आहे.

मोजमाप, भाषा आणि पालक

मुलांचे वाचन आणि गणन तपासणारी ‘असर’ पाहणी ग्रामीण भागापुरती आहे. गडचिरोलीच्या खेड्यातील मुले काय वाचतात याचा अंदाज आपल्याला येतो, पण आपल्या प्रभागातील शाळेची स्थिती पुणेकराला समजत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणे नमुना घेऊन होतात, त्यातून एका शाळेच्या शिक्षकाला उद्या काय करायचे ते कळत नाही. दुसरी-तिसरीतील प्रत्येक मुलाचे साधे वाचन आणि गणन वर्षातून दोनदा तपासणे महापालिकेला सहज जमेल. मात्र ते शिक्षकाला दोषी ठरवण्यासाठी वापरले, तर पहिल्याच वर्षी आकडे फुगतील. आकडा मदत पाठवण्यासाठी वापरला, तरच तो खरा राहील.

इंग्रजी माध्यमाकडे पालकांचा ओढा आहे आणि मराठी शाळांचे पट घटत आहेत. पालकांच्या आकांक्षेला नावे ठेवणे योग्य नाही. पण घरी मराठवाड्यातील मराठी, कन्नड, हिंदी किंवा भटक्या समाजाची बोली बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून न समजणारी भाषा देताना शिक्षकाला मोठे कौशल्य लागते. शहरात माध्यमे बदलली, त्यासाठी शिक्षकांची तयारी त्या वेगाने झाली नाही. २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांमुळे नव्या वस्त्यांतील मुलांची जबाबदारीही वाढली. त्यात महापालिकेच्या माध्यमिक शाळा प्राथमिकच्या तुलनेत थोड्या आहेत. आठवीपर्यंत शिकलेली मुलगी पुढे कुठे जाणार, हा प्रश्नही अध्यापनाच्या गुणवत्तेइतकाच निकडीचा आहे.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. अनेक ठिकाणी समिती सह्यांपुरती उरते. रोजंदारी बुडवून सभेला येणे आईला परवडत नाही. सभा संध्याकाळी घेतली आणि मुलांनी पालकांसमोर वाचून दाखवले, तर हीच समिती शाळेचा आधार होईल. फुल्यांच्या काळातील जाहीर परीक्षेचे ते आजचे रूप ठरेल.

काय करावे

महापालिकेने पुढील पाच वर्षांसाठी मोजक्या गोष्टी धराव्यात आणि सोडू नयेत. प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोन तास शिक्षकांच्या एकत्रित पाठनियोजनासाठी राखावेत आणि त्या वेळेत कोणतीही माहिती मागवू नये. माहिती भरण्यासाठी दोन-तीन शाळांमागे एक लिपिक द्यावा. मुख्याध्यापकाने रोज किमान एका वर्गात बसावे आणि त्याची निवड त्याच क्षमतेवर व्हावी. प्रत्येक केंद्रात दोन अनुभवी शिक्षकांना अर्धा वेळ मार्गदर्शक म्हणून मोकळे करावे. एका शाळेतील बहुसंख्य शिक्षक एकाच वर्षी बदलू नयेत आणि जाणाऱ्या शिक्षकाने आपले पाठ, साहित्य व मुलांच्या नोंदी येणाऱ्याच्या हाती सोपवूनच जावे. बालभारती, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, आयुका, आयसर या संस्थांनी आपल्या शेजारच्या महापालिका शाळांना दीर्घकाळ साथ द्यावी. यातील बहुतेक गोष्टींना नवी इमारत लागत नाही आणि कायद्यात बदलही लागत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये भिडेवाड्याची जुनी वास्तू पाडण्यात आली आणि तिथे राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे ठरले. स्मारक व्हायलाच हवे. पण सावित्रीबाईंचे काम शिकवण्याचे होते आणि ते पुढे चालू राहायचे असेल तर ते वर्गांतच राहील. पुणेकर वाचकांना माझी विनंती आहे: आपल्या प्रभागातील महापालिकेची शाळा माहीत करून घ्या. मुख्याध्यापकांच्या परवानगीने तिथे जा, शिक्षकांची अडचण ऐका. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारा, की आपल्या शाळेतील दुसरीची किती मुले वाचू शकतात आणि उरलेल्यांसाठी या वर्षी तुम्ही काय करणार आहात.